सोळा सेकंद

“मास्तर, आज शेवटची. घड्याळाला चावी दिली नं?”

गुलाब बाकावर बसून उजव्या हाताला पट्टी गुंडाळत होता. पट्टीचं एक टोक त्यानं दातात धरलं होतं, त्यामुळे शब्द अर्धे तोंडातच राहत होते.

“चौदा वर्षं देतोय,” मी म्हणालो. “घड्याळाची काळजी सोड, समोरच्या पोराची कर.”

“त्याची काय काळजी करायची? एकवीस वर्षांचं पोर. त्याच्याकडं पाहिलं की आपलंच वय आठवतं.”

त्याची बायको कौतिकावहिनी दाराशी उभी होती. नवऱ्याची लढत पाहायला ती पहिल्यांदाच हॉलवर आली होती, तेही शेवटची आहे म्हणून.

“वय आठवलं हे बरं झालं,” ती म्हणाली. “मी सांगून सांगून थकले. आजचा दिवस झाला की हे हातमोजे चुलीत घालते की नाही बघा.”

“स्वैपाकाला चामड्याचा वास येईल.”

“येऊ द्या. चौदा वर्षं घामाचा येतोय, कोणी काही बोललं का?”

ही १९८१ च्या जानेवारीतली गोष्ट. आज मी त्र्याऐंशीचा आहे आणि काल भेटलेल्या माणसाचं नाव मला आठवत नाही, पण त्या खोलीतला टिंक्चरचा वास आठवतो.

गुलाब सपकाळे आमच्या जंक्शनच्या लोकोशेडमध्ये फिटर होता. वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती करायची आणि संध्याकाळी रेल्वे वसाहतीच्या हॉलमध्ये जाऊन वाळूच्या पोत्याला ठोसे मारायचे, हा त्याचा दिनक्रम. दर जानेवारीत त्या हॉलमध्ये मुष्टियुद्धाचे सामने होत. मनमाडहून, खंडव्याहून, इगतपुरीहून पोरं येत. गुलाब एकोणसाठ लढती लढला होता आणि एकही हरला नव्हता. आता सदतिसावं सरत आलं होतं. साठावी लढत करून तो हातमोजे उतरवणार, असं गावभर झालं होतं.

मी तिथल्या शाळेत चौथीला शिकवत असे. मुष्टियुद्धातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण वारके मास्तर शाळेची घंटा मिनिटाची चूक न करता देतात, अशी माझी ख्याती होती. तेवढ्यावर कमिटीनं मला टाइमकीपरच्या खुर्चीत बसवलं होतं. माझ्यासमोर तीन वस्तू असत. एक पितळी घंटा, एक चावीचं स्टॉपवॉच आणि एक लाकडी हातोडी. तीन मिनिटांची फेरी, अशा तीन फेऱ्या. फेरी संपायला दहा सेकंद उरले की मी हातोडीनं टेबलावर दोनदा ठोकायचं, टक टक, आणि दहा सेकंदांनी घंटा द्यायची. हा आमच्याच हॉलचा रिवाज. दुसरीकडे असा आहे की नाही, मला माहीत नाही.

त्या टकटकीवर गुलाबनं नाव कमावलं होतं. जवळजवळ तीन मिनिटं तो टोलवाटोलवी करायचा. टक टक ऐकू आली की भट्टीचं दार उघडल्यासारखा समोरच्यावर तुटून पडायचा. शेवटच्या दहा सेकंदांसाठी लोक श्वास धरून बसत.

मी त्याच्यासाठी एक मानपत्रही लिहून ठेवलं होतं. गावात कोणाचाही सत्कार असला की मानपत्र माझ्याच अक्षरात होई. काळ्या शाईत मजकूर, भोवती वेलबुट्टी, आणि मधोमध एकच शब्द लाल शाईत: अपराजित. काचेत मढवून ते व्यासपीठावर ठेवलं होतं. चौथीच्या चाळीस मुलामुलींना मी पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं. चौदा वर्षं प्रत्येक वर्गाला मी हेच सांगत आलो होतो, की बाळांनो, गुलाबकाका कधी हरत नाहीत. का? तर ते रोज सराव करतात. सतराचा पाढा अडला की मी म्हणायचो, “गुलाबकाका अडले असते का?” आणि तो पाढा पुढे सरकायचा. आज त्यांना मी ते प्रत्यक्ष दाखवायला आणलं होतं.

समोरचा मुलगा मनमाडचा होता. सायबू तडवी. मूळचा यावलकडचा, अंगानं सडपातळ, हात लांब. रिंगणात शिरण्याआधी त्यानं कठड्याला हात लावून तो कपाळाला लावला.

पंच होते नागपूरचे डिसिल्वासाहेब. त्यांनी दोघांना मधे बोलावलं. “क्लीन फाइट. बेल बजेगा तो रुकने का. समझा?”

पहिली फेरी गुलाबची झाली. माझ्या टकटकीवर त्यानं जुन्या पद्धतीनं असा हल्ला चढवला की छपराखालची कबुतरं उडाली. दुसरीही त्याचीच, पण काठावर. फेरी संपल्यावर तो कोपऱ्यात बसला तेव्हा त्याच्या छातीचा भाता मला दहा पावलांवरून दिसत होता. उजव्या डोळ्यावर सूज चढू लागली होती.

“काका, मारा!” माझी पोरं ओरडत होती. छबू नावाची एक मुलगी तर सतरंजीवर उभी राहून हातवारे करत होती. मी तिला डोळ्यांनी दटावलं.

तिसऱ्या फेरीत गुलाबचे पाय गेले. पाय जातात म्हणजे काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. हात जागेवर असतात, डोकं जागेवर असतं, पण माणूस जिथं असायला हवा तिथं अर्ध्या क्षणानं उशिरा पोचतो. सायबूचा डावा हात पुन्हा पुन्हा त्याच सुजलेल्या डोळ्यावर येत होता. अडीच मिनिटं झाली. गुलाब कठड्याला टेकला, कोपरं दुमडून चेहरा झाकून उभा राहिला. दोन मिनिटं चाळीस. त्याचा एक गुडघा वाकला, पुन्हा सरळ झाला. आता एक ठोसा आणि तो पडणार, हे मुष्टियुद्धातलं न कळणाऱ्या मलाही कळलं.

पडला नाही तर तो जिंकलेला होता. पहिल्या दोन फेऱ्या त्याच्या होत्या. मला एवढंच समजत होतं. मी घड्याळाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि घंटेची दोरी ओढली.

सायबूचा हात वर उचललेला होता. तो तिथंच थांबला. हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. माझी चाळीस पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होती. माझ्या अंगठ्यानं सवयीनं स्टॉपवॉच दाबलं होतं. काटा दोन मिनिटं चव्वेचाळीसवर उभा होता. मी घड्याळ पालथं ठेवलं.

डिसिल्वासाहेब बाजूला बसलेल्या, गुण देणाऱ्या पंचांच्या चिठ्ठ्या गोळा करू लागले. रिंगणात सायबू आमच्याकडच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्या खेळाडूच्या पाया पडायला वाकला. गुलाबनं त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं.

“थांब रे,” तो म्हणाला. “अजून संपलं नाही.”

मग तो कठड्यापाशी आला, माझ्या टेबलाच्या बरोबर वर. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यानं माझ्याकडे बघत. ओठातून रक्त येत होतं.

“मास्तर, टक टक कुठं आहे?”

मी पालथ्या घड्याळावर हात ठेवला.

“मी वाट पाहत होतो,” तो म्हणाला. “तेवढ्याचसाठी उभा होतो. टकटक झाली नाही आणि घंटा झाली. असं कसं?”

डिसिल्वासाहेब वळले. “क्या हुआ?”

“साहेब, वेळ बाकी आहे.”

“कौन बोला?”

“मी बोलतो. घड्याळ पाहा.”

साहेब खाली उतरून माझ्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी घड्याळ दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पहिलीत होतो तेव्हासुद्धा माझ्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं.

“सिक्स्टीन सेकंड बाकी. मास्टर, ये क्या है?”

मी तोंड उघडायच्या आत वरून गुलाबच म्हणाला, “साहेब, त्यांचा चष्मा जुना झालाय. जवळचं दिसत नाही त्यांना. मी कधीचा सांगतोय बदला म्हणून.”

साहेबांनी माझा चष्मा पाहिला. तो आदल्याच महिन्यात जळगावहून करून आणलेला होता.

“नियम एकच है,” ते अखेर म्हणाले. “बाकी टाइम खेलने का. तैयार?”

“तयार,” गुलाब म्हणाला.

मागून कौतिकावहिनीचा आवाज आला. “अहो! काय करताय?” त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

मी घंटा दिली. सायबू आधी नुसताच हात वर धरून उभा राहिला. त्याला मारवत नव्हतं. गुलाबनं त्याच्या खांद्यावर एक ठोसा दिला. “काय भो, झोपला का? चल!” सहा सेकंद गेले. मी हातोडी उचलली आणि टेबलावर दोनदा ठोकलं. टक टक.

गुलाब तुटून पडला. उरलंसुरलं सगळं घेऊन पडला. तीन ठोसे लागले, चौथा हवेत गेला, आणि त्या मोकळ्या जागेतून सायबूचा उजवा हात आला. गुलाब आधी गुडघ्यावर आणि मग कुशीवर पडला. साहेब मोजू लागले; मोजणी चालू असताना वेळ संपली तरी घंटा द्यायची नाही, असा नियम होता. सातला त्यानं हात टेकला. नऊला एक गुडघा उचलला. दहा झाले तेव्हा तो अर्धा उठलेला होता.

हॉलमध्ये छबूच्या रडण्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.

मानपत्र कोणी वाचलं नाही. कमिटीचे सेक्रेटरी भंगाळे माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मास्तर, तो लाल शब्द खोडता येईल का?” मी म्हणालो, “काच काढावी लागेल.” तेवढ्यावर तो विषय संपला.

दिवेलागणीला मी गुलाबच्या क्वार्टरवर गेलो. वहिनी तव्यावर फडकं गरम करून त्याचा डोळा शेकत होती.

“या,” ती म्हणाली, “घंटा घेऊन आलात की तशीच ठेवून आलात?”

“कौतिका, चहा टाक,” गुलाब म्हणाला. ती आत गेल्यावर त्यानं फडकं स्वतःच्या हातानं धरलं.

“गुलाब, मी मुद्दाम...”

“ठाऊक आहे. आजवर किती पोरांना दोन मार्क वाढवून पास केलंत, मास्तर?”

“केलंय. चांगली पोरं असतात. एखाद्या मार्कानं वर्ष जातं.”

“हां. मलाही तुम्ही दोन मार्क वाढवून दिले.” तो हसला आणि ओठ दुखला म्हणून थांबला. “पण ते मार्क दुसऱ्या पोराचे कापून दिले. ते मनमाडहून आलं होतं. गाडीत उभ्यानं आलं असेल. त्याचे सोळा सेकंद त्याला नकोत का?”

“तू जिंकला होतास.”

“एकोणसाठ जिंकलो होतो. ती साठावी घेतली असती, तर आधीच्या एकोणसाठांवर माझाच विश्वास राहिला नसता. वाटलं असतं, कोणकोणत्या मास्तरांनी दिल्या कोण जाणे.”

चहा आला. आम्ही प्यायलो. निघताना तो म्हणाला, “कुठं बोलू नका. चष्मा म्हणालो ते चष्माच राहू द्या. शाळेतली माणसं आहात तुम्ही. लोक घंटेवरचा विश्वास काढून घेतील.”

मी मान हलवली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

दोन दिवस ते हायसं वाटणं टिकलं. बुधवारी पाढे घेताना छबू उठून उभी राहिली. “गुरुजी, विकणं म्हणजे काय?”

“पैसे घेऊन वस्तू देणं. का?”

“माझे बाबा म्हणतात, गुलाबकाकांनी मॅच विकली.”

मागून मधू म्हणाला, “माझे काकापण म्हणतात. जिंकलेली मॅच कोणी परत मागतं का? मनमाडवाल्यांनी त्यांना पैसे चारले. शेडमधी सगळे बोलतात.”

“काल गुलाबकाका नळावर आले तर सगळे उठून गेले,” आणखी कोणीतरी म्हणालं.

मी खडू खाली ठेवला. मला शेड दिसली. एकोणसाठ वेळा ज्याला खांद्यावर घेऊन नाचले, त्याच्याकडे पाठ करून डबे उघडणारी माणसं दिसली. आणि तो एक शब्दही बोलत नसणार हेही मला कळत होतं. त्यानं मला चष्मा दिला होता आणि स्वतःकडे काहीच ठेवलं नव्हतं.

“बसा सगळे,” मी म्हणालो. “हात बांधा. एक गोष्ट सांगतो.”

“कोणाची, गुरुजी?”

“माझी. मी लबाडी केली त्याची.”

 मी सगळं सांगितलं. टकटक का झाली नाही, काटा कुठे होता, मी घड्याळ पालथं का ठेवलं. सोळा सेकंद म्हणजे किती ते कळावं म्हणून त्यांना सोळापर्यंत मोजायला लावलं. मोजून झाल्यावर मधू म्हणाला, “गुरुजी, हे तर पुष्कळ असतात.”

“पुष्कळ असतात,” मी म्हणालो.

“मग तुम्ही असं का केलं?”

“काका हरतील, याची भीती वाटली.”

“काकांना वाटली नाही?”

“ते त्यांना विचार.”

“आणि हे घरी सांगायचं का?” छबूनं विचारलं.

“सांगायचं. आज हाच गृहपाठ.”

चाळीस मुलं चाळीस घरी गेली. संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत गावाला कळलं. भंगाळ्यांनी निरोप पाठवला की पुढच्या वर्षापासून तुम्ही टेबलावर बसू नये. हेडमास्तरांनी मला बोलावून दाराची कडी लावून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. बाजारात एकानं मला पाहून स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि लोक हसले. त्यांचं काही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत गुलाब शाळेच्या फाटकातून आत आला. डोळा जांभळा, हातात जेवणाचा डबा. शेडमधून तसाच आला होता.

“मास्तर, कोणी सांगितलं होतं तुम्हाला?” लांबूनच तो ओरडला. “काय बोललो होतो मी?”

“शेडमध्ये काय म्हणाले?” मी विचारलं.

त्याचा आवाज खाली आला. “डबा उघडला तर चौघं येऊन बसले,” तो म्हणाला. “बोललं कोणी नाही. एकानं लोणचं वाढलं.” मग पुन्हा आवाज चढवून, “पण तुम्ही कशाला...”

त्याला पुढे बोलता आलं नाही, कारण पोरांनी त्याला घेरलं होतं. आधी जरा अंतर ठेवून, मग अगदी चिकटून.

“काका, लई लागलं का?”

“लागलं.”

“रडलात?”

“थोडा. कौतिकाकाकूला सांगू नका.”

“काका, हरल्यावर कसं वाटतं?” छबूनं विचारलं.

गुलाब पायरीवर बसला. सदतीस वर्षांच्या आयुष्यात त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि चार दिवसांपूर्वी विचारला असता तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.  पोरं थांबली होती. मधल्या सुटीत एका जागी थांबलेली पोरं मी फार कमी पाहिली आहेत.

“सांगता येत नाही,” तो म्हणाला. “दाखवतो. जागा करा.”

त्यानं डबा माझ्या हातात दिला, पटांगणाच्या मधोमध गेला आणि कोपरं दुमडून उभा राहिला. “हा मी. आता मनमाडवाल्यानं मारलं.” आणि त्या एवढ्या मोठ्या माणसानं स्वतःला धुळीत टाकून दिलं. कुशीवर पडला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

“मोजा आता,” तो पडल्यापडल्या म्हणाला. “साहेब मोजतात तसं.”

चाळीस पोरं पाढ्याच्या चालीवर मोजू लागली. एक, दोन, तीन. शेजारच्या वर्गातली पोरं धावत आली आणि तीही मोजू लागली. सातला गुलाबनं हात टेकला. आठला डोकं उचललं. नऊला गुडघा उचलू लागला, तसा पोरांचा सूर आपोआप लांबला. छबू पुढे झुकली होती, मधूनं मुठी आवळल्या होत्या, आणि तो नऊ काही केल्या संपेना. कोणालाच दहा म्हणायचं नव्हतं.

गुलाबनं एक डोळा उघडला.

“ए, लांबवू नका,” तो म्हणाला. “नीट मोजा.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग छबूनं श्वास घेतला आणि सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हटलं, “दहा!”

“हां. झालं. हरलो,” गुलाब म्हणाला, आणि कपडे झटकत उठून उभा राहिला.